सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीचा जॉन ॲडम्स अल्बम: एका साउंडवाल्याचा रिव्ह्यू

निकाल आधी सांगून टाकतो, कारण पुढचं लिहिणं लांबणार आहे आणि निम्मे लोक इथूनच परत जाणार. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या अमेरिकन ऑर्केस्ट्राचा २०१२ चा अल्बम, कंडक्टर मायकेल टिल्सन थॉमस, संगीतकार जॉन ॲडम्स. दोनच रचना आहेत, 'हार्मोनीलेर' आणि 'शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन', दोन्ही मिळून साधारण पाऊण तास. ऐकाच. फक्त अल्बममध्ये ज्या क्रमाने लावलंय त्या क्रमाने ऐकू नका, आणि मोबाईलच्या स्पीकरवर तर मुळीच नको. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो याच्यासाठी की सीडीवर आरामात सव्वा तास मावतो आणि यांनी पाऊण तासात दुकान बंद केलं, आपण खान्देशी माणसं, पैसे दिले की माल मोजून घेणार.

मी साउंडवाला आहे. भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात लग्न, हळद, वाढदिवस, सप्ताह, जे येईल ते करतो. संगीतातला जाणकार वगैरे नाही, जळगावला बालगंधर्व महोत्सव असतो तिथे जाऊन बसतो, पुढच्या रांगेतून वाह आली की मीही मान हलवतो, एवढंच माझं शास्त्रीय. त्यामुळे हा रिव्ह्यू कानाचा आहे. आमच्या लाइनीत नवीन टॉप (वरच्या, बारीक आवाजाचा स्पीकर) किंवा बेस (खालच्या, जाड आवाजाचा) आणला की तपासायला काहीतरी ट्रॅक लागतो, आणि लग्नाची गाणी त्या कामाची नाहीत कारण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच आवाजात दाबून भरलेली असतात, मीटरचा लाल दिवा एकदा लागला की लागलेलाच. एका मित्राने सांगितलं की हे 'शॉर्ट राइड' लावून बघ, स्पीकरची सगळी पोल चार मिनिटांत उघडी पडते. खरंच पडते. गोडाउनमध्ये लावलं तर आमचा पोरगा म्हणे "हे काय लावेल आहे भो, गाणं कधी सुरू होईन?" आणि तोपर्यंत ते संपलं होतं.

तर संगीतकाराबद्दल थोडं. पहिली गोष्ट म्हणजे हा माणूस जिवंत आहे. सिम्फनी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विग घातलेले आणि दोन-अडीचशे वर्षांपूर्वी गेलेले लोक येतात, त्यांच्या संगीतात आगगाडी नाही, मोटार नाही, लाऊडस्पीकर नाही. ॲडम्सचा जन्म १५ फेब्रुवारी १९४७ चा, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचा, म्हणजे आपल्या घरातल्या एखाद्या मोठ्या काकांच्या वयाचा माणूस. वडिलांकडून क्लॅरोनेट शिकला आणि पोरवयात मार्चिंग बँडमध्ये वाजवली. हे वाचल्यावर माझं त्याच्याबद्दलचं मत एकदम चांगलं झालं, कारण आपल्याकडे लग्नाच्या बँडात पुढे राहून गाणं कोण उचलतं, तर क्लॅरोनेटवाला नाहीतर ट्रम्पेटवाला. आता कीबोर्ड आणि ट्रॉलीवरचे भोंगे आल्यापासून बँडातलं पितळ कमीच होत चाललंय, त्यात आमच्यासारख्यांचाही हात आहे, पण जुने मास्तर लोक अजून आहेत ज्यांच्या मागे पंधरा-वीस जण मे महिन्याच्या उन्हात चालत वाजवतात आणि ताल सुटत नाही. ॲडम्सच्या संगीतात मला सगळ्यात आधी जे ऐकू आलं ते हेच, की अख्खा ऑर्केस्ट्रा कुणीतरी चालवतंय, बसवून ठेवलेला नाही.

म्हणून म्हणतो की सुरुवात 'शॉर्ट राइड'पासून करा, अल्बममध्ये ते शेवटी टाकलंय तरी. जेमतेम चार मिनिटांचं आहे. १३ जून १९८६ ला मॅसॅच्युसेट्समध्येच मॅन्सफिल्ड इथे ग्रेट वूड्स फेस्टिव्हलच्या उद्घाटनासाठी पहिल्यांदा वाजलं, पिट्सबर्ग सिम्फनीने वाजवलं, आणि तेव्हाही समोर काठी घेऊन हाच टिल्सन थॉमस उभा होता. म्हणजे ज्याने पहिला नारळ फोडला त्याच माणसाने पंचवीस वर्षांनी, २०११ मध्ये, ही रेकॉर्डिंग केली. तो फरक जाणवतो, कुठेही घाई नाही, स्पीड आहे पण घाई नाही, बाकी काही कंडक्टर याला नुसतं पळवतात.

सुरुवात होते ती वूडब्लॉकने, म्हणजे लाकडाचा पोकळ ठोकळा, काठीने ठोकायचा, टक टक टक टक. बस. तो एकच ठोका धरून ठेवतो आणि जवळजवळ शेवटापर्यंत सोडत नाही. त्याच्यावर क्लॅरोनेट आणि सिंथेसायझर येतात, हो सिंथेसायझर, दोन आहेत या ऑर्केस्ट्रात, मग पितळ येतं, आणि खरी गंमत ही की प्रत्येक जण त्या ठोक्याला पाडायला बघतो. कुणी तिनाच्या हिशोबाने वाजवतंय, कुणी चाराच्या, मधेच बेस ड्रम अशा जागी पडतो की तुमचा पाय चुकतोच. आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही, तबल्यावर लयीशी खेळ ऐकलेला माणूस यात लगेच घुसतो. ज्याला सूर कळत नाहीत त्यालाही सम चुकली की कळतं, इथे तर सम सारखी हुलकावणी देते आणि खालचा ठोकळा मात्र ढिम्म, टक टक टक. शेवटी शेवटी एकदाची त्याची पकड सुटते आणि ट्रम्पेटवर एक लांब चाल निघते, तेव्हा छाती मोकळी होते. चार ट्रम्पेट आहेत. चांगल्या टॉपवर ऐका, खराब टॉपवर ते पत्र्यासारखं वाजतं आणि बदनाम बिचारा ॲडम्स होतो.

नावाची गोष्ट अशी की ॲडम्सला त्याच्या एका नातेवाइकाने रात्री आपल्या लॅम्बोर्गिनीत फिरवलं होतं, आणि बसल्यावर वाटलं की उगाच बसलो. चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाटात काळी-पिवळीच्या पुढच्या सीटवर, तेही ड्रायव्हर ओळखीचा असल्यामुळे त्याला हळू चालव म्हणायची सोय नाही, असे ज्यांनी प्रवास केलेत त्यांना या चार मिनिटांत काय चाललंय ते बरोबर कळेल. मजा येत असते, हात मात्र दांडीवर घट्ट.

बाय द वे, लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात हा पीस दोनदा ठरवून दोन्ही वेळा काढून टाकावा लागला, १९९७ ला राजकन्या डायना गाडीच्या अपघातात गेली म्हणून आणि २००१ ला ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर. नावच तसं. संगीताचा काही दोष नाही, पण लोकांच्या दुःखाच्या वेळी 'फास्ट मशीन' म्हणून काही लावायचं नाही एवढं भान पाहिजेच, मी पण गावात मयत झालेली असली तर मिरवणुकीचा आवाज त्या गल्लीपुरता बंद करतो.

आता 'हार्मोनीलेर'. हाच खरा माल आहे, चाळीस मिनिटांचा, तीन भागांत. आणि इथेच लोक पळून जातात, कारण ट्रॅक लावला की दणादण एकच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांचा जुडगा, आपटायला लागतात, ई मायनर नावाचा, पुन्हा तोच, पुन्हा तोच, आणि माणसाला वाटतं सीडी अडकली. अडकलेली नाही. ॲडम्सला एक स्वप्न पडलं होतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उभा असलेला एक अवाढव्य तेलाचा टँकर पाण्यातून वर उचलला जातो आणि रॉकेटसारखा आकाशात निघून जातो. ते आपटणं म्हणजे तो टँकर. त्याच्या आधी वर्षभराहून जास्त काळ त्याला काही लिहायलाच जमत नव्हतं, पूर्ण अडकला होता, आणि या स्वप्नाने गाडी सुरू झाली. १९८५ च्या मार्चमध्ये याच सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीने पहिल्यांदा वाजवलं, कंडक्टर होता एदो दे वार्त, ॲडम्स तेव्हा त्याच ऑर्केस्ट्राचा रहिवासी संगीतकार, म्हणजे त्यांनी स्वतःकडे नेमलेला, होता. म्हणजे अल्बममधल्या दोन्ही रचना घरच्या आहेत, एक ऑर्केस्ट्राच्या घरची आणि एक कंडक्टरच्या घरची.

नाव घेतलंय संगीतकार शोनबर्गच्या १९११ च्या हार्मनीवरच्या, म्हणजे सूर एकत्र कसे जुळवायचे त्यावरच्या, पाठ्यपुस्तकाचं, तसंच्या तसं. शोनबर्ग म्हणजे ज्याने पुढे बाराही सुरांना सारखा मान दिला, कुणी सा नाही कुणी प नाही, आणि त्या नादात सामान्य ऐकणारा माणूस हॉलबाहेर गेला. ॲडम्स हार्वर्डमध्ये शिकला लिऑन कर्शनरकडे आणि कर्शनर शोनबर्गचा शिष्य, म्हणजे घराण्याच्या हिशोबाने ॲडम्स हा शोनबर्गचा नातू-शिष्य लागतो. आणि या नातवाने काय केलं तर आजोबांच्या पुस्तकाचं नाव ठेवून आजोबांनी सोडलेल्या सगळ्या गोष्टी परत आणल्या, मोठे गोड कॉर्ड, मोठे सूर, लांब चाली. आपल्याकडे असं केलं असतं तर दोन पिढ्या बोलणं बंद झालं असतं.

मला स्वतःला यात जे सापडलं ते सांगतो, कारण हे मला कुठल्याच लग्नाच्या किंवा मैफिलीच्या साउंडला सापडलं नव्हतं. आपलं संगीत चालतं सूर आणि लयीवर, सा एकदा लागला की तानपुरा तो सोडत नाही, पूर्ण रात्र त्याच घरात. इथे पहिल्या भागात वरती सगळं भरभर चालू असतं, व्हायोलिन, बासऱ्या, पियानो, दोन हार्प, सेलेस्टा, सगळे बारीक बारीक पळतायत, पण खाली जो कॉर्ड आहे तो हलत नाही, खूप वेळ हलत नाही, आणि मग अचानक एका क्षणी अख्खी जमीन सरकते. वरचे लोक तसेच पळतायत, त्यांचा वेग बदललेला नाही, पण सगळ्याचा रंग बदललाय. म्हणजे दोन वेग आहेत एकाच वेळी, एक भरभर आणि एक अतिशय हळू, आणि अंगावर काटा येतो तो हळू वाल्याने. मी आयुष्यभर बेस म्हणजे नुसता धक्का समजून विकत आलोय, बेस खालून घर बदलू शकतो हे या रेकॉर्डिंगने ऐकवलं. म्हणून ठोका धरून आत शिरा, पण आत गेल्यावर लक्ष खाली ठेवा, ट्यूबा (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य), डबल बास (व्हायोलिनच्या जातीचं सगळ्यात मोठं वाद्य), तिकडे. ट्यूबा दोन आहेत यात, एक नाही.

पहिल्या भागाच्या मधोमध हे सगळं पळणं थांबतं आणि चेलोंवर एक लांबच लांब चाल निघते, कुठे जाऊन टेकेल ते सांगता येत नाही अशी, भटकणारी. ती मला पहिल्यांदा कंटाळवाणी वाटली आणि आजही तिच्यातली दोन-तीन मिनिटं कमी असती तर चाललं असतं असंच वाटतं. जाणकार लोक म्हणतील तोच तर गाभा आहे. असेल.

दुसरा भाग. 'द अँफोर्टस वूंड'. अँफोर्टस म्हणजे जुन्या युरोपियन कथांमधला एक राजा ज्याची जखम काही केल्या भरत नाही, आणि ॲडम्सला मानसशास्त्रज्ञ युंगच्या लिखाणातून तो भेटला, लिहिता न येण्याच्या त्या काळाचं हे दुखणं आहे. जवळपास बारा-तेरा मिनिटं नुसतं खोल अंधारात जात राहायचं, आणि आवाज इतका खाली की इथे खान्देशातल्या माणसाची एक खास अडचण होते. एप्रिल-मेमध्ये हे ऐकताच येत नाही. बाहेर ४४-४५ डिग्री, घरात कूलर फुल, आणि कूलरच्या पंख्याचा आणि पाण्याच्या मोटरचा जो आवाज असतो तो बरोबर या भागाच्या पहिल्या पाच मिनिटांच्या वर बसतो. आवाज वाढवून ऐकलं तर पुढे तो जो शिखराचा क्षण येतो, सगळा ऑर्केस्ट्रा एकदम किंचाळतो आणि वर ट्रम्पेट अडकल्यासारखा एकाच सुरावर उभा राहतो, तेव्हा शेजारी येऊन विचारतात काय झालं. (माहीतगार लोक सांगतात की तो क्षण संगीतकार माहलरच्या अपुऱ्या राहिलेल्या दहाव्या सिम्फनीकडे बोट दाखवतो. मग मी ती पण ऐकली, आणि हो, तिथेही तसाच एक ट्रम्पेट आहे.) त्यामुळे माझा सल्ला, हा भाग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ऐका, रात्री, पंखा बंद करून, किंवा बंदिस्त हेडफोन घ्या. भुसावळला रेल्वे लाइनच्या जवळ राहणाऱ्यांनी हेडफोनच घ्यावेत, मालगाड्या काही थंडी बघून थांबत नाहीत.

हा भाग पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला देऊ नका. हा सगळ्यात शेवटी.

तिसरा भाग मात्र कुणालाही द्या. नाव विचित्र आहे, 'माइस्टर एकहार्ट अँड क्वॅकी'. एकहार्ट हा मध्ययुगातला जर्मन संत, आणि क्वॅकी म्हणजे ॲडम्सच्या तान्ह्या मुलीचं, एमिलीचं, लाडाचं नाव. पुन्हा स्वप्नच आहे, हा संत आकाशातून चाललाय आणि ती पोरगी त्याच्या खांद्यावर बसून त्याच्या कानात काहीतरी सांगतेय. सुरुवात अंगाईसारखी, सगळं वरच्या पट्टीत चमचम, आणि मग हळूहळू, खरंच हळूहळू, कधी वेग आला ते कळतच नाही, आणि शेवटची दोन-तीन मिनिटं पितळ आणि ड्रम असे काही लाटेवर लाट येतात की माझ्या धंद्यात इतकी वर्षं काढून मी ऐकलेला हा सगळ्यात मोठा आवाज आहे, आणि मजा म्हणजे तो डेसिबलने मोठा नाही, चाळीस मिनिटं त्याने वाट बघायला लावलीय म्हणून मोठा आहे. वेगवेगळे सूर एकमेकांशी झगडतात आणि शेवटी ई फ्लॅट मेजर जिंकतो. जो पहिल्याच मिनिटाला ई मायनर आपटत होता तो इथे पोचतो. टिल्सन थॉमसने इथे आवाज आधी उधळला नाही, राखून ठेवला आणि नेमका शेवटी सोडला, यासाठीच मी ही रेकॉर्डिंग बाकीच्यांच्या वर ठेवतो.

बाकीच्या म्हणजे, एक आहे एदो दे वार्तची पहिली, १९८५ ची, नॉनसच लेबलवर. तिच्यात एक खडबडीतपणा आहे, नवं काहीतरी पहिल्यांदा वाजवतोय असा, पण खालचा बेस दबलेला वाटतो मला. सायमन रॅटलची बर्मिंगहॅमची आहे, ती झकास आणि जास्त तिखट, सोबत ॲडम्सचे छोटे पीस पण मिळतात म्हणजे मालाच्या हिशोबाने तीच परवडते. बर्लिन फिलहार्मोनिकने २०१७ मध्ये ॲडम्सच्या रचनांचा एक मोठा बॉक्स काढला, चार सीडी आणि दोन ब्लू-रे, तो भारी आहे पण किंमतही भारी, मी फक्त एकाकडे जाऊन ऐकला. सॅन फ्रान्सिस्कोची ही रेकॉर्डिंग डेव्हीस सिम्फनी हॉलमध्ये कॉन्सर्टमध्येच लाइव्ह केलेली आहे, 'हार्मोनीलेर' डिसेंबर २०१० ला, आणि लाइव्ह असूनही इतकी स्वच्छ की प्रत्येक वाद्याची जागा बोट दाखवून सांगता येते. २०१३ ला ऑर्केस्ट्रा विभागातला ग्रॅमी मिळाला याला. कुठला माइक कुठे लावला असेल याचाच विचार करत मी निम्मा वेळ घालवला, हा धंद्याचा रोग आहे.

डिस्क आहे हायब्रिड एसएसीडी. घाबरू नका, साध्या सीडी प्लेअरवर चालते, एसएसीडीचा प्लेअर असला तर जास्त चांगला थर वाचला जातो, नसला तर सीडीचा थर. इकडे दुकानात मिळणार नाही, जळगावला सीडीची जी काही दुकानं होती त्यांच्या जागी आता मोबाईल कव्हर लटकलेली आहेत, ऑनलाइनच मागवावी लागते आणि यायला वेळ लागतो. ज्यांना तेवढी हौस नाही त्यांनी स्ट्रीमिंगवर ऐका, आहे तिथे. पण दोन गोष्टी. एक, फुकटवालं खातं असेल तर पहिला भाग संपल्या संपल्या जाहिरात येते, माझ्या ॲपवर त्या खोल दुखण्याच्या भागाच्या बरोबर आधी कर्ज घ्या म्हणून बाई ओरडली, सगळा मूड गेला. दोन, सेटिंगमध्ये आवाज सारखा करायचा एक पर्याय असतो, व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन, तो बंद करा, विशेषतः 'लाउड'वर ठेवलेला असेल तर. या संगीतात हळू म्हणजे खरंच हळू आणि मोठा म्हणजे खरंच मोठा असतो, ते सपाट केलं की उरतं काय. आणि छोटा ब्लूटूथ डबा नको, त्यात डबल बास आणि ट्यूबा ऐकूच येत नाहीत, म्हणजे मी वर जे जमीन सरकण्याचं सांगितलं ते तुमच्या घरी घडणारच नाही आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

हे सगळं ज्या परंपरेतून आलं तिला मिनिमलिझम म्हणतात, थोडेसे सूर घ्यायचे आणि तेच तेच फिरवत सावकाश बदलायचे. त्यात आपला हात आहे हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. या परंपरेतला अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास साठच्या दशकात पॅरिसमध्ये रविशंकर आणि अल्लारखांसोबत काम करत होता आणि तिथून त्याला लयीची बेरीज सापडली. त्यातलाच दुसरा, टेरी रायली, तर किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. ॲडम्स या दोघांच्या नंतरचा, त्याने त्यांची ती फिरती लय घेतली आणि तिच्यावर जुन्या युरोपच्या मोठ्या ऑर्केस्ट्राचं वजन चढवलं. त्याची 'द धर्मा ॲट बिग सर' म्हणून २००३ ची रचना आहे, इलेक्ट्रिक व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा, लॉस एंजलिसच्या डिस्ने हॉलच्या उद्घाटनासाठी केलेली, तिच्या दुसऱ्या भागाचं नावच 'श्री मूनशाईन' आहे आणि तो टेरी रायलीला वाहिलेला. पहिला भाग आलापासारखा, ठोका नाही काही नाही, नुसतं व्हायोलिन सूर ओढत जातं, मींड घेत. आपल्या माणसाला 'हार्मोनीलेर'पेक्षा ती लवकर आवडेल. खरं तर ती या अल्बममध्ये टाकली असती तर पाऊण तासाची तक्रारच मिटली असती, पण मिटवायची कुणाला.

त्याच्या अणुबॉम्बवरच्या ऑपेरात, 'डॉक्टर ॲटॉमिक', २००५, एके ठिकाणी कोरस गीतेतलं विश्वरूपदर्शन गातो, अकराव्या अध्यायातलं. ऑपेरा मला झेपत नाही, त्यामुळे त्यातून त्याने पुढे केलेली 'डॉक्टर ॲटॉमिक सिम्फनी' ऐकली, तिच्यात शेवटी ट्रम्पेट एकटा गाण्याची ओळ वाजवतो ते भारी आहे. आमच्या ओळखीचे एक जुने बँड मास्तर, सत्तरीचे, त्यांना ऐकवलं तेव्हा बाकी सगळ्याला हं हं करत होते आणि तो ट्रम्पेट आल्यावर म्हणाले "याचा दम बघ भाऊ, श्वास घेतल्याचं कळू देत नाही." त्यांना 'शॉर्ट राइड' मात्र आवडलं नाही. म्हणाले घाईचं आहे, वरात अशी पळवत नसतात.

कुणी ऐकू नये तेही सांगतो. काम करताना मागे काहीतरी मंद लावून ठेवायचं असेल त्यांनी नाही, हे मागे राहत नाही, पुढे येतं. गाडीत नाही, निदान जळगाव-धुळे हायवेवर तरी नाही, हळू भाग ऐकू येणार नाहीत आणि जोरातले भाग आले की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो, अनुभव आहे. आणि ज्यांना गाण्यात शब्दच लागतात त्यांनीही राहू द्या, जबरदस्ती नाही.

प्रत्यक्ष ऐकायचं तर आपल्याकडून जवळचा पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे मुंबईचा, एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ मध्ये उभा राहिलेला. भुसावळहून रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबई, तेवढं अंतर काही फार नाही, पण कार्यक्रम बघून जा, बहुतेक वेळा विगवाल्यांचंच असतं.

क्रम पुन्हा एकदा लिहितो कारण कॉमेंटमध्ये हेच विचारतील. आधी 'शॉर्ट राइड', लगेच पुन्हा एकदा 'शॉर्ट राइड', मग 'हार्मोनीलेर'चा तिसरा भाग. इथे आवडलं नाही तर सोडून द्या, पैसे वाचले. आवडलं तर दुसऱ्या दिवशी पहिला भाग, आणि दुसरा भाग थंडी आली की. पूर्ण चाळीस मिनिटं एका बैठकीत त्यानंतर. आणि साउंडवाल्या भावांसाठी, टेस्टला लावताना सुरुवातीच्या वूडब्लॉकवर आवाज सेट करू नका, तो छोटा वाटतो म्हणून माणूस गेन चढवत जातो, आधी बेस ड्रम येऊ द्या, मग हात लावा, नाहीतर डायफ्राम बदलायचा खर्च आहे आणि गॅरंटीत तो बसत नाही.